हार न घेणारे कीर्तनकार : श्रीसंत गाडगे महाराज



आपल्या गावच्या श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम श्रीकृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने पूर्णत्वास गेले. कलशारोहणाच्या सोहळ्यात मंदिराची पिढ्यान्‌पिढ्या सेवा करणाऱ्या गुरव मंडळींचा, सप्ताहात गावाला हरिकथा ऐकविणाऱ्या कीर्तनकारांचा आणि ऐन थंडीत काकड्याला नेमाने उठणाऱ्या विणेकऱ्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे जीर्णोद्धार समितीने ठरविले, ही फार योग्य गोष्ट झाली. त्या निमित्ताने एका थोर कीर्तनकाराचे चरित्र या स्मरणिकेत यावे असे समितीचे म्हणणे पडले व ते काम मजकडे आले. मी काही लेखक नव्हे. तहसील कचेरीत कारकुनी करणारा माणूस. तरी वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवेना, म्हणून अल्पमतीप्रमाणे चार शब्द लिहीत आहे.

कोणाचे चरित्र लिहावे हा प्रश्न मला फारसा पडला नाही. मनात पहिले नाव आले ते श्रीसंत गाडगे महाराजांचे. पण लेखणी हाती घेतली आणि अडचण ध्यानात आली. ज्या महापुरुषाने उभ्या जन्मात गळ्यात हार पडू दिला नाही, पाया पडावयास येणाऱ्यावर जो काठी उगारीत असे, ज्याने आपणांस कोणी गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही असे सर्वांस बजावून सांगितले, त्याचा गौरव करावयाचा तो कसा? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे, असे मला लिहिता लिहिता उमगले. ते जसे उमगले तसे येथे मांडतो.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील एका कुटुंबात झाला. मातोश्रींचे नाव सखुबाई. त्या काळी देवाचे नाव सांगून बोकड कापावयाचे, दारूचा नैवेद्य दाखवावयाचा आणि मग सर्वांनी मिळून प्यावयाचे, अशी रीत अनेक समाजांत होती. देवाच्या नैवेद्याने लागलेले हे व्यसन झिंगराजींच्या जिवावर उठले. घरदार गेले, शरीर खंगले आणि डेबूजी अवघ्या आठ वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. लेकराला पोटाशी धरून सखुबाई माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी आल्या.

मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी वाढले. गुरे राखणे, गोठा झाडणे, शेणाची पाटी डोक्यावर वाहणे, पुढे औत हाकणे, हीच त्यांची शाळा. अक्षरओळख करून देणारी शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मात्र अंगात कष्टाची रग होती आणि गळ्यात भजनाची गोडी होती. रानात गुराख्यांची पोरे जमवून ते भजन करीत. स्वच्छतेची आवडही तेव्हापासूनची. त्यांच्या हाताखालचा गोठा व गुरे अशी लख्ख असत की पाहणाऱ्याने पाहतच राहावे.

पुढे त्या घरावर मोठा घाला पडला. मामांनी सावकाराकडून कर्ज घेतले होते. ते फिटतच नव्हते. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते आणि सावकाराच्या शब्दावर विश्वास होता. शेवटी कसदार जमीन त्या कागदापायी गेली आणि त्या धक्क्याने मामांनी अंथरूण धरले ते कायमचे. सावकाराची माणसे नांगर घेऊन शेतावर ताबा घ्यावयास आली, तेव्हा तरुण डेबूजी त्यांच्यापुढे उभे राहिले व त्यांनी त्यांना पिटाळून लावले. ज्या काळी सावकाराच्या वाड्यावरून जाताना लोक पागोटे सावरून, मान खाली घालून जात, त्या काळातली ही गोष्ट आहे.

कचेरीत काम करताना जुने अंगठ्याचे कागद माझ्या हाताखालून रोज जातात. निळ्या-काळ्या शाईच्या त्या ठशांमागे किती घरांची कथा दडली असेल, असे मनात येते. म्हणून बाबांच्या चरित्रातील हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पुढे आयुष्यभर ते कीर्तनातून कर्ज काढू नका आणि पोरांना शाळेत घाला, असे दोन्ही हात जोडून सांगत राहिले, त्याचे मूळ त्या एका कागदात आहे. ज्याला स्वतःला वाचता येत नव्हते, त्याने न वाचता येण्याची किंमत पुरी चुकती केली होती.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. संसार सुरू झाला. घरी पहिली मुलगी जन्मली तेव्हा बारशाला मटण व दारूची पंगत घालावी, असा भाऊबंदांचा आग्रह होता. डेबूजींनी तो साफ नाकारला आणि गोडाधोडाचे साधे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, काहीजण पानावरून उठण्याच्या बेतात होते. पण ज्या रीतीने आपला बाप खाल्ला ती रीत आपल्या दारात पुन्हा शिरू द्यावयाची नाही, हा त्यांचा निश्चय ढळला नाही. समाजसुधारणेची सुरुवात त्यांनी दुसऱ्याच्या दारी जाऊन केली नाही. ती स्वतःच्या ओसरीवर केली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, पहाटेच्या अंधारात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी डेबूजींनी घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हाती काठी आणि एक मातीचे गाडगे, एवढाच सरंजाम. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते गावोगाव, रानोमाळ फिरले. कोणी त्यांना वेडा म्हटले, कोणी भिकारी म्हटले, गावची कुत्री मागे लागली, पोरांनी दगड मारले. त्यांनी ते सारे सोसले. वाटेत कोणाची बैलगाडी चिखलात रुतलेली दिसली की खांदा देऊन ती काढावी, शेतात कोणी एकटा राबताना दिसला की त्याचे काम हलके करावे, आणि आभार मानावयास तो वळेपर्यंत पुढची वाट धरावी, असा त्यांचा क्रम असे. भाकरी मिळाली तर ती गाडग्यात घेऊन लांब बसून खावी, आणि तीसुद्धा काही काम करून झाल्यावरच. फुकटचे अन्न अंगी लागत नाही असा त्यांचा नेम होता.

अंगात अनेक रंगांच्या चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि सोबत गाडगे, असे ते ध्यान असे. कोणी त्यांना चिंधेबुवा म्हणत, कोणी गोधडेबुवा म्हणत. सदैव सोबत असणाऱ्या त्या गाडग्यावरून पुढे गाडगेबाबा हेच नाव सर्वतोमुखी झाले. राजाला मुकुट, सरदाराला तलवार आणि या महापुरुषाला मातीचे गाडगे व खराटा! पण त्या खराट्याने जे राज्य केले ते भल्याभल्यांच्या तलवारीला साधले नाही.

बाबा एखाद्या गावी आले म्हणजे प्रथम देवळात जात नसत की पाटलाच्या वाड्यावर जात नसत. गावाच्या एका टोकापासून खराट्याने रस्ता झाडावयास सुरुवात करीत. गटारे मोकळी करीत, उकिरडे हलवीत. आधी लोक उभे राहून पाहत. मग एखादा पोरगा हाती केरसुणी घेई, त्याच्या मागे दुसरा येई, आणि दुपार टळेतो सारा गाव कामाला लागे. दिवसा असा गाव झाडून झाला की रात्री कीर्तनाला उभे राहून बाबा लोकांची डोकी झाडावयास घेत. दिवसाचा खराटा हाताचा आणि रात्रीचा खराटा वाणीचा, एवढाच काय तो फरक.

त्यांचे कीर्तन आपण नेहमी ऐकतो तसे नसे. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते सुरू होई. गोपाळाच्या नावाचा गजर होई, हजारो माणसे टाळ्या देत डोलू लागत, आणि मग बाबा श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. देव कोठे राहतो, नवसाने मूल होते काय, कर्ज काढून तीर्थ करावे काय, बोकड कापल्याने कोणता देव प्रसन्न होतो, अशा प्रश्नांची उत्तरे ते श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. लोक हसत हसत उत्तरे देत आणि हसता हसता आपलीच चूक आपल्या तोंडून कबूल करून बसत. तुकोबारायांचे व कबीराचे दाखले त्यांच्या जिभेवर असत. पाठ केलेली पंडिती नसे. अंतरीच्या कळवळ्यातून निघालेले बोल असत, म्हणून ते थेट काळजाला भिडत. त्या कीर्तनांनंतर कितीतरी जणांनी दारू सोडली, जत्रेतील पशुहत्या बंद पडली, हुंडा घेणार नाही अशा शपथा वाहिल्या गेल्या. कीर्तन संपले की लोक दर्शनाला पुढे येत, तोवर बाबा अंधारात निघून गेलेले असत.

आता त्यांनी उभारलेल्या कामांकडे वळू. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. तेथे पौष महिन्यात यात्रा भरते. यात्रेकरूंची नदीत उतरताना होणारी अडचण पाहून बाबांनी तेथे लोकांच्या मदतीने घाट बांधविला, तो १९०८ साली. आंधळे, पांगळे, महारोगी यांना पोटभर जेवू घालण्याचा परिपाठही त्यांनी तेथे पाडला. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय उभे राहिले. नाशिकला गोदाकाठी, तसेच देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या.

पंढरपूरची हकीकत तर आपण वारकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. आषाढीला लाखो वारकरी पंढरीस जात. ज्याच्याजवळ पैसा तो बडव्याच्या किंवा ओळखीच्या घरी उतरे. गरीब वारकरी भर पावसात वाळवंटात किंवा रस्त्याच्या कडेला कुडकुडत रात्र काढी. त्यातही अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांचे हाल कुत्रा खात नसे. पायी चालत येऊन त्यांनी चोखोबारायांच्या समाधीपाशी थांबावयाचे, लांबून कळस पाहावयाचा आणि परत फिरावयाचे. बाबांनी या बांधवांसाठी संत चोखामेळा यांच्या नावाची धर्मशाळा पंढरपुरात उभी केली. पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडावे म्हणून पूज्य साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले ते १९४७ सालच्या मे महिन्यात. त्याच्या कितीतरी वर्षे आधी एका निरक्षर कीर्तनकाराने, देवाचे दार उघडेपर्यंत निदान डोक्यावर छप्पर तरी असावे, एवढी सोय करून ठेवली होती.

या सर्व कामांना लाखो रुपये लागले. हा पैसा आला कोठून? कीर्तनाच्या गर्दीतून आला, व्यापाऱ्यांकडून आला, गिरणी कामगारांकडून आला, कोणा विधवेच्या लुगड्याच्या गाठीतूनही आला. बाबांचा शब्द म्हणजे हुंडी, असे लोक मानीत. पण त्यांनी यातील एक पैसा आपल्या हाताला लागू दिला नाही. व्यवहार पाहण्यास जाणती माणसे नेमावी, ट्रस्ट करावे, हिशेब चोख ठेवावा, आणि आपण पुढच्या कामाला निघावे, अशी त्यांची पद्धत. धर्मशाळा बांधून होई, लोक आत पथाऱ्या पसरीत, आणि ज्याने ती बांधली तो बाहेर झाडाखाली डोक्याशी दगड घेऊन निजे.

एवढेच नव्हे, तर आपल्या बायको-मुलांचा अगर नातलगांचा या संस्थांवर काडीचा हक्क राहणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवविले. कुंताबाई मूर्तिजापूरला साध्या झोपडीत राहत. धर्मशाळेतील अन्न हे यात्रेकरूंचे व गोरगरिबांचे, ते घरच्यांनी खावयाचे नाही, असा दंडक होता. हे वाचताना आपल्याला कठोर वाटेल. मलाही वाटते. संसार सोडून गेलेल्या पतीचे मोठेपण आपण सारे गातो, पण त्याच्यामागे मुले वाढविणाऱ्या, मानाची खुर्ची न मागणाऱ्या त्या माउलीची आठवण फार थोड्यांना होते. बाबांचा सत्कार करावयाचा तर त्यातील अर्धे श्रीफळ कुंताबाईंच्या ओटीत घालावे लागेल.

१९२३ साली बाबांचा एकुलता एक पुत्र गोविंदा वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटण येथे होते आणि कीर्तन चालू होते. तेथे ती वार्ता त्यांच्या कानी आली. कीर्तन क्षणभर थांबले असेल नसेल, पण मोडले नाही. रोज कितीतरी घरची लेकरे जातात, त्यांच्यासाठी आपण रडलो नाही, मग आपल्या एकट्यासाठी कसे रडावे, अशा अर्थाचे समाधान त्यांनी स्वतःच्या मनाला दिले आणि नामाचा गजर पुढे चालू केला. त्या रात्री श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या असे सांगतात. बापाच्या काळजात काय झाले असेल ते त्या पांडुरंगालाच ठाऊक.

शिक्षणाविषयी त्यांची तळमळ उत्तरोत्तर वाढतच गेली. घरातील भांडी मोडावी लागली तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, असे ते परोपरीने सांगत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेविषयी त्यांना अतिशय आपुलकी होती. १९५४ साली कऱ्हाड येथे निघालेल्या महाविद्यालयास कर्मवीरांनी स्वतःचे नव्हे, सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. अंगठेबहाद्दराचे नाव कॉलेजच्या कमानीवर झळकले!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व बाबा यांचाही परस्परांवर मोठा लोभ होता. एक परदेशी जाऊन पदव्या मिळविलेला ज्ञानसूर्य, दुसरा चिंध्या पांघरलेला निरक्षर. पण दोघांचे दुःख एक होते. १९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेकरूंसाठी उभारलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या कामी यावी, यात त्यांना आनंदच होता. एवढी मोलाची इमारत हातची देताना त्यांच्या मनास किंचितही माया शिवली नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली व सर्व कामांना एक घर मिळाले. धर्मशाळा, अन्नछत्रे, मुलांची वसतिगृहे व आश्रमशाळा ही मिशनची कामे. मुंबईस जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत, त्यांचे नातलग फूटपाथवर पडून राहत. त्यांच्यासाठी १९५४ साली बाबांच्या प्रयत्नाने धर्मशाळा उभी राहिली. पूर्वी पंढरीच्या वाळवंटात कुडकुडणारा वारकरी त्यांना दिसला, म्हातारपणी मुंबईच्या इस्पितळाबाहेर बसलेली आई दिसली. तीर्थ बदलले, यात्रेकरू तोच होता, हे ओळखणारी नजर बाबांची होती. आपल्यापैकी ज्यांच्यावर घरचे आजारी माणूस मुंबईला नेण्याची वेळ आली असेल, त्यांना अशा एका रात्रीच्या आसऱ्याचे मोल सांगावयास नको.

शेवटपर्यंत ते फिरत राहिले, बोलत राहिले. त्यांचे अखेरचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस स्टेशनच्या आवारात झाले. सुदैवाने त्याचे ध्वनिमुद्रण झाले, म्हणून तो खणखणीत आवाज आजही ऐकावयास मिळतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ, गाडीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. ज्याने हजारो लोकांना छप्पर दिले, त्याला शेवटच्या घटकेलाही छप्पर लागले नाही. वय ऐंशी वर्षांचे होते.

आपल्या मागे आपली मूर्ती उभारू नका, समाधी बांधू नका, असे त्यांनी सांगून ठेवले होते. पण अमरावतीस त्यांची समाधी झाली, आणि तेथील परिसरास गाडगेनगर म्हणून लोक ओळखू लागले. भारत सरकारने १९९८ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. २०००-०१ पासून राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीच्या विद्यापीठासही त्यांचे नाव देण्यात आले. हे सर्व उचितच आहे. परंतु पुण्यतिथीला तसबिरीला हार घालावयाचा, दहा मिनिटे हाती कोरा झाडू धरून छायाचित्र काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी चावडीपुढचा उकिरडा तसाच, असेही आपण पाहतो. हार न घेणाऱ्या माणसाला आपण शेवटी हारच घातला, आणि त्याचा खराटा मात्र कोपऱ्यात उभा करून ठेवला.

येथे कोणी सरळ विचारील, की देवळांवर पैसा उधळण्यापेक्षा शाळा बांधा म्हणून सांगणाऱ्या बाबांचे चरित्र देवळाच्या स्मरणिकेत कशाला? प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. बाबा दगडधोंड्यांच्या देवांविषयी फार कडक बोलत, हे लपविण्यात अर्थ नाही. पण त्याच बाबांच्या हातून ऋणमोचन येथे लक्ष्मीनारायणाच्या मंदिराचे कामही झाले आहे, आणि आयुष्यभर त्यांच्या मुखी देवाचेच नाव होते. माझ्या अल्पबुद्धीला याचा अर्थ असा वाटतो की, त्यांचा राग देवावर नव्हता. देवाच्या नावावर माणसाला उपाशी ठेवणाऱ्या, बाहेर उभे करणाऱ्या, कर्जात बुडविणाऱ्या रीतीवर होता. देऊळ बांधले म्हणजे काम संपले असे नव्हे, तेथून काम सुरू झाले, हे त्यांनी आपणांस सांगितले असते.

समजा, बाबा कलशारोहणाच्या दिवशी आपल्या गावी आले असते, तर काय केले असते? कळसाकडे त्यांनी वर मान करून पाहिले नसते. संगमरवरी फरशीवर कोणाचे नाव वर व कोणाचे खाली, यावरून गावात थोडी कुरबूर झाली हे सर्वांस ठाऊक आहे. ती नावे त्यांना वाचता आली नसती आणि वाचून दाखविली असती तर त्यांनी कान दिला नसता. खराटा काढून त्यांनी पार झाडावयास घेतला असता, आणि झाडता झाडता आपल्याला प्रश्न विचारले असते. जुन्या देवळाच्या पायरीपाशी थांबणाऱ्यांची नातवंडे आता गाभाऱ्यापर्यंत मोकळ्या मनाने येतात काय? पंगतीत सर्वजण मांडीला मांडी लावून बसतात काय? गोळा झालेल्या पैशाचा हिशेब सर्वांना दिसेल असा लावला आहे काय? वर्गणीपायी कोणा गरिबाने उसने तर काढले नाही ना? सभामंडपात सांजवेळी शाळेची पोरे अभ्यासाला बसू शकतील काय?

यांपैकी हिशेबाचे उत्तर आपण देऊ शकतो. समितीने जमाखर्चाचा तक्ता याच स्मरणिकेत छापला आहे. पाच रुपये देणाऱ्याचेही नाव त्यात आहे. हे काम मोठ्या देणगीइतकेच पुण्याचे आहे, असे एक कारकून म्हणून मला मनापासून वाटते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे मात्र कागदावर देता येणार नाहीत. ती ज्याची त्याने द्यावयाची आहेत.

आणि आता ज्यांच्या सत्कारासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या सेवेकऱ्यांविषयी. पूर्वी गुरवाला बलुते मिळे, कोठे देवस्थान इनामाची जमीन असे. पाऊस असो की थंडी, घरी लग्न असो की दुखणे, देवाची पूजा व दिवाबत्ती त्याने चुकू दिली नाही. पुढे बलुते गेले, कित्येक ठिकाणी जमिनीही राहिल्या नाहीत, पण सेवा राहिली. त्याच्या अंगावर वर्षातून एकदा शाल घालणे सोपे आहे. त्याच्या घरची चूल व त्याच्या लेकरांची फी यांची विचारपूस वर्षभर करणे, हा खरा सत्कार. तसेच कीर्तनकाराचे. त्याला हार घालून, पाकीट देऊन रवाना केले आणि त्याने सांगितलेले तेथेच फरशीवर सोडून उठलो, तर तो सत्कार कसला? त्याचे एक वाक्य जरी आपल्या घरापर्यंत गेले, तरी त्याच्या गळ्यात शंभर हार पडले.

गाडगेबाबांचा गौरव कसा करावा, हा सुरुवातीस पडलेला प्रश्न असा सुटला. जो आपल्यासाठी काहीच घेत नाही, त्याचा सत्कार त्याचे काम हाती घेऊनच करता येतो. दुसरा मार्ग त्याने ठेवलेलाच नाही. म्हणून समितीस माझी एक नम्र विनंती आहे. नव्या मंदिरात पूजेच्या साहित्याबरोबर एक खराटा दर्शनी जागी ठेवावा. तो कोणा एका जातीचा, कोणा एका नोकराचा नसावा. एकादशीच्या दिवशी पहाटे ज्या घराची पाळी असेल त्या घरच्या कर्त्या माणसाने तो हाती घेऊन पार व रस्ता झाडावा, मग तो देणगीदार असो, सरपंच असो की आमच्यासारखा कचेरीतला बाबू असो. पहिल्या एकादशीची पाळी माझ्या घराची लावावी, हे येथे लिहून देतो.

अशा या निष्कांचन, निरपेक्ष व निःस्पृह लोकसेवकाच्या पवित्र स्मृतीस समस्त ग्रामस्थ व देणगीदार यांचे वतीने विनम्र अभिवादन करून हा अल्पसा लेख श्रीचरणी अर्पण करतो. लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास चूकभूल द्यावी घ्यावी.

जय हरी.